मावळ्याचा पोशाख: ड्रेपरी, ऑनलाइन सेट, शिंप्याची बाराबंदी की चिलखत?

१९ फेब्रुवारीची मिरवणूक, ६ जूनचा रायगड आणि जुलैतली पन्हाळा-पावनखिंड मोहीम. या तिन्हींसाठी एकच पोशाख घ्यायचा विचार असेल तर आधीच सांगतो, जमत नाही. मिरवणुकीत लोक तुम्हाला वीस फुटांवरून बघतात. पन्हाळा सोडला की बघायला कोणी नसतं, नुसता पाऊस असतो.

एका दिवसाचं काम असेल तर नाटकाची ड्रेपरी भाड्याने घ्या आणि मोकळे व्हा. पोशाख संध्याकाळी परत करायचा, धुण्याचीही कटकट नाही. तो मुळात रंगमंचासाठी शिवलेला असतो, म्हणजे लांबून उठून दिसावा म्हणून. जवळ गेलं की सॅटिन, पाठीमागची चेन आणि मागच्या माणसाच्या घामाचा वास, सगळं कळतं. पण एका दिवसासाठी एवढं खपून जातं.

ऑनलाइन मिळणारा ‘मावळा ड्रेस’ मात्र मी कोणालाच सुचवत नाही. पैसे ड्रेपरीपेक्षा जास्त जातात आणि हाती येतं तेच सॅटिन. त्यातून रंग डोळ्यांत खुपणारा भगवा. पहिला कृत्रिम रंग आला १८५६ साली. त्याआधीचं कापड मंजिष्ठा, हळद, नीळ, डाळिंबाची साल यांत रंगायचं आणि चार धुण्यांत मऊ पडायचं. हे झालं दिसण्याचं. खरी भीती मशालीची आहे. पॉलिएस्टरला ठिणगी लागली की ते वितळून कातडीला चिकटतं. सुतीही पेटतं, पण असं चिकटून बसत नाही. रात्रीच्या मिरवणुकीत मशाल हातात घेणार असाल तर अंगात सुतीच हवं, यात तडजोड नको.

मंडळाने वीस सेट एकदम मागवले की आणखी एक घोटाळा होतो. वीस जण एकाच रंगात, एकाच जरीकाठात उभे राहिले की मावळे कमी आणि बँडपथक जास्त वाटतात. शिवकाळात आजच्या अर्थाने सरसकट गणवेश नव्हता. बारगिराला घोडा सरकारातून मिळे, शिलेदार घोडा आणि हत्यार स्वतःचं आणी. कपडे ज्याच्या त्याच्या ऐपतीचे. मग एकाची बंडी मळखाऊ, दुसऱ्याचं मुंडासं विटलेलं, असंच हवं. ते स्वस्तातही पडतं.

माझं मत पहिल्यापासून शिंप्याच्या बाजूने आहे, ते बाराबंदीमुळे, म्हणजे बटणांऐवजी बंदांनी बांधायच्या सदऱ्यामुळे. हा कपडा संग्रहालयातून उकरून काढावा लागत नाही. सोलापुरात संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वज धरणारे भक्त आजही पांढरी बाराबंदी घालतात, म्हणजे ती बेतणारे हात अजून आहेत. कापड मांजरपाट किंवा जाडसर हातमागाचं घ्या. आखूड बाराबंदीला तीन मीटर पुरतं, घेरदार अंगरख्याला मात्र सहा-सात मीटरही कमी पडू शकतं. बेतण्याआधी कापड दोनदा धुवा. मी पहिल्या वेळी न धुता दिलं आणि पहिल्याच पावसात बाह्या मनगटावरून चार बोटं वर सरकल्या.

शिंप्याला तीन गोष्टी बजावून सांगा. काखेत चौकोनी तुकडा घालायला लावा, नाहीतर दांडपट्टा फिरवायला हात वर केला की शिवण उसवते. बंद त्याच कापडाचे हवेत, बाजारची नाडी नको. आणि आतल्या शिवणी खुशाल यंत्रावर मारू दे, पण काठ आणि गळा हाताने दुमडून घे म्हणावं. बघणाऱ्याची नजर तिथेच जाते. पूर्ण हातशिलाईचा हट्ट असेल तर स्वतः सुई घ्या, कारण तेवढ्या वेळाची मजुरी परवडत नाही. बंद कुठल्या काखेत बांधायचे हेही ठरवून जा. त्या काळच्या रिवाजात हिंदू डावीकडे बांधत, मुसलमान उजवीकडे. महाराजांची सतराव्या शतकातली चित्रं अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्स म्युझियममध्ये आणि पॅरिसच्या गिमे संग्रहालयात आहेत. ती छापून शिंप्यापुढे ठेवता येतात, पण तो राजाचा पोशाख आहे हे विसरू नका. साध्या मावळ्याला तो घेर आणि ते जरीकाम कुठून?

मोहिमेसाठी लांब अंगरखा नकोच. भिजला की पायांत अडकतो. आखूड बाराबंदी, गुडघ्यापर्यंतचा चोळणा, म्हणजे सैल विजार, आणि वर घोंगडी. घोंगडीची नक्कल करावी लागत नाही, ती आजही हातमागावर विणली जाते आणि ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ लावतात. भिजल्यावर जड होते, टोचतेही, पण ऊब देते. रेनकोट पिशवीत ठेवा, फोटोत आला तर आला.

आता चिलखत. हौशी माणूस सगळ्यात आधी तेच घेतो, मी म्हणेन सगळ्यात शेवटी घ्या. युरोपात रोमन आणि मध्ययुगीन सैनिक होणाऱ्या हौशी लोकांना पुरणारा बराच माल मेरठ-डेहराडूनकडे बनतो, त्यामुळे आपल्याला ते दुर्मीळ नाही. पण कड्या नुसत्या टोकाला टोक लावून मिटवलेल्या असतील तर पळताना एकेक उघडते आणि वाटेवर सांडत जाते. कड्या रिव्हेट मारलेल्या हव्यात. ॲल्युमिनियमचं हलकं असतं, पण चमकतं किराणा दुकानातल्या डब्यासारखं. लोखंडी चिलखत दहा किलोच्या आसपास भरतं. कमरेला पट्टा आवळला तर निम्मा भार खांद्यावरून उतरतो, आणि आत कापूस भरलेला डगला लागतोच, म्हणजे शिंपी पुन्हा आलाच. कोकणात राहत असाल तर दर महिन्याला तेलाचा हात फिरवावा लागेल.

शिवाय १० नोव्हेंबर १६५९ला प्रतापगडाखाली महाराजांनी चिलखत घातलं होतं ते अंगरख्याच्या आत. तसंच घालायचं म्हटलं तर एवढा खर्च करूनही कोणाला दिसणार नाही!

शिंप्याकडे दिवाळी झाल्या झाल्या जा. पुढे लग्नसराई लागते, आणि सोलापुरात संक्रांतीच्या तोंडावर तर कोणी मापही घेणार नाही.