कर्कवुड की वेब्स्टर ग्रोव्ह्ज? सेंट लुईसच्या दोन जुन्या उपनगरांचा तुलनात्मक आढावा

मिसुरी राज्यातील सेंट लुईस येथे वॉशिंग्टन विद्यापीठात, एखाद्या मोठ्या रुग्णालयात किंवा बियाणे-संशोधनाच्या कंपनीत नोकरी मिळून येणारी मराठी कुटुंबे सहसा पश्चिमेकडच्या चेस्टरफिल्ड किंवा बॉलविनकडे वळतात. ओळखीची माणसे तिकडे असतात, घरे तुलनेने नवी असतात आणि हिंदू मंदिरही त्याच बाजूला आहे. परंतु ज्यांना पायी फिरता येईल असा बाजार, जुन्या झाडांच्या गल्ल्या आणि स्वतःचा इतिहास असलेले गाव हवे असते, त्यांच्या यादीत हमखास दोन नावे येतात: कर्कवुड आणि वेब्स्टर ग्रोव्ह्ज. दोन्ही लहान शहरे आहेत. २०२० च्या जनगणनेनुसार कर्कवुडची लोकसंख्या २९,४६१ आणि वेब्स्टर ग्रोव्ह्जची २४,०१० होती. दोन्हींच्या शाळांचे नाव चांगले आहे, आणि दोहोंच्या मध्ये ग्लेनडेलसारखे एखादे चिमुकले गावच काय ते उभे आहे. म्हणून पुष्कळ जण ‘जिथे घर आधी मिळेल तिथे’ असे म्हणून मोकळे होतात. माझ्या मते ही घाई आहे. ही दोन गावे दिसायला सारखी असली तरी त्यांची घडण वेगळी आहे, आणि त्या घडणीचा परिणाम तिथल्या रोजच्या जगण्यावर आजही होतो.

आधी या प्रदेशाची एक रीत समजून घ्यायला हवी. १८७६ साली सेंट लुईस शहर आपल्याच काउंटीपासून (जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागापासून) कायमचे वेगळे झाले, आणि पुढे त्या काउंटीत एकामागून एक लहान शहरे स्थापन होत गेली. आज तिथे ८० हून अधिक नगरपालिका आहेत आणि त्यांपैकी अनेकांचे स्वतःचे पोलीस, स्वतःचे नियम व स्वतःचे कर आहेत. त्यामुळे ‘उपनगर’ म्हटल्यावर मुंबईकराच्या मनात एकाच महापालिकेच्या छत्राखालचे जे चित्र उभे राहते, ते येथे लागू पडत नाही. रस्ता ओलांडला की नगरपालिका बदलते. सेंट लुईसची माणसे पहिल्या भेटीत एकमेकांना ‘तुमची हायस्कूल कोणती?’ असे विचारतात. आपल्याकडे ‘मूळ गाव कोणते?’ या प्रश्नातून जे जाणून घ्यायचे असते, तेच ते या प्रश्नातून जाणून घेतात.

कर्कवुड आधी कागदावर आखले गेले आणि मग वसले. १८४९ साली सेंट लुईसमध्ये कॉलऱ्याची भयंकर साथ आली आणि त्याच वर्षी नदीकाठची मोठी आग शहराचा बराच भाग जाळून गेली. दाट वस्तीपासून दूर, उंचावरच्या मोकळ्या हवेत राहायला जावे, ही इच्छा त्या अनुभवातून बळावली. त्याच सुमारास पॅसिफिक रेल्वेचा मार्ग पश्चिमेकडे सरकत होता. १८५३ साली या रेल्वेमार्गावर भूखंड आखून विकले गेले, आणि रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स पी. कर्कवुड यांचे नाव गावाला देण्यात आले. मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला आधी आराखडा करून वसवलेले हे पहिले उपनगर मानले जाते. जुन्या भागातील कित्येक रस्त्यांना वॉशिंग्टन, ॲडम्स, जेफरसन, मॅडिसन, मन्रो अशी राष्ट्राध्यक्षांची नावे आहेत.

वेब्स्टर ग्रोव्ह्ज असे एका आराखड्यातून जन्मले नाही. वेब्स्टर, ओल्ड ऑर्चर्ड, वेब्स्टर पार्क, टक्सिडो पार्क आणि सेल्मा अशी पाच वेगवेगळी वस्तीस्थाने रेल्वेच्या थांब्यांभोवती वाढत होती आणि त्यांच्यावर सामाईक कारभार असा नव्हता. १८९६ च्या जानेवारीत आपल्या वाग्दत्त वधूला भेटायला आलेल्या शिकागोच्या एका चित्रकाराचा येथे रस्त्यावर खून झाला. अंधारे रस्ते आणि पोलिसांचा अभाव यांविषयीची भीती एकाएकी सर्वांच्या मनात घर करून बसली, आणि त्याच वर्षी पाचही वस्त्यांनी एकत्र येऊन शहर स्थापन केले. नावातले ‘वेब्स्टर’ मुलांच्या एका जुन्या शाळेवरून आले. ती शाळा डॅनियल वेब्स्टर या मुत्सद्द्याच्या नावाने चालत असे. मिसुरीत त्याच नावाचे दुसरे गाव असल्याने टपालाच्या सोयीसाठी ‘ग्रोव्ह्ज’, म्हणजे वनराई, हा शब्द पुढे जोडला गेला.

हा फरक आज चालताना पायांना कळतो. कर्कवुडला एक स्पष्ट मध्य आहे. रेल्वेचे स्थानक, त्याच्या आसपासची दुकाने, शेतकऱ्यांचा बाजार, नगरपालिका आणि ग्रंथालय हे सारे एकमेकांपासून चालण्याच्या अंतरावर आहे, आणि गावात कोणी ‘डाउनटाउनला जाऊ’ म्हणाले तर कुठे जायचे हे विचारावे लागत नाही. वेब्स्टरमध्ये मात्र ओल्ड वेब्स्टर आणि ओल्ड ऑर्चर्ड हे दोन बाजारभाग आपापला स्वभाव राखून आहेत, आणि रस्तेही जुन्या वस्त्यांच्या सोयीने वाकडेतिकडे गेले आहेत. ज्याला एकच ठसठशीत चौक हवा आहे त्याला वेब्स्टर विस्कळीत वाटेल. ज्याला आपल्या आळीचे वेगळेपण आवडते त्याला तेच गाव जिव्हाळ्याचे वाटेल.

कर्कवुडच्या स्थानकाविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण त्या गावाचा स्वभाव मला तिथे सर्वांत नीट दिसतो. १८९३ साली बांधलेली ही दगडी इमारत अजून वापरात आहे आणि सेंट लुईस ते कॅन्सस सिटी धावणारी ‘मिसुरी रिव्हर रनर’ गाडी तिथे थांबते. २००३ च्या सुमारास ॲमट्रॅक या अमेरिकेच्या प्रवासी रेल्वे कंपनीने तेथील तिकीट-कर्मचारी काढून घेतले, तेव्हा स्थानक ओस पडू नये म्हणून नगरपालिकेने इमारत विकत घेतली. तेव्हापासून गावातले स्वयंसेवक स्थानक उघडतात, प्रवाशांना माहिती देतात आणि सामान उचलायला हात लावतात. वेब्स्टरमधूनही रूळ जातात, मालगाड्यांचे भोंगेही ऐकू येतात, पण प्रवासी गाडी तिथे थांबत नाही. गावाची वस्तू गावाने सांभाळायची, हीच वृत्ती कर्कवुडच्या इतर व्यवहारांतही आहे. वीजपुरवठा आणि पाणीपुरवठा नगरपालिकेच्या स्वतःच्या खात्यांमार्फत होतो. वेब्स्टरमध्ये वीज मोठ्या खासगी कंपनीकडून येते. घर घेणाऱ्याने दोन्हीकडच्या दरांची चौकशी अवश्य करावी, पण वादळानंतर वीज गेली असता तक्रार नेमकी कोणाच्या दारात न्यायची, हाही प्रश्न दराइतकाच महत्त्वाचा आहे.

लहान मुले असलेल्या घरासाठी कर्कवुडची बाजू जड आहे, हे मान्य करावे लागेल. ‘मॅजिक हाउस’ हे मुलांचे संग्रहालय १९७९ पासून येथील एका जुन्या हवेलीत आहे, आणि पावडर व्हॅली हे जंगलातील पायवाटांचे निसर्गकेंद्रही गावाच्या हद्दीतच आहे. प्रख्यात अमेरिकी वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांनी रचलेले, समांतरभुज चौकोनांवर बेतलेले एक घरही एब्सवर्थ पार्कमध्ये पाहायला मिळते.

मोठ्या माणसांच्या संध्याकाळी मात्र वेब्स्टर अधिक चांगल्या भरून काढते. लोरेटो पंथाच्या कॅथलिक जोगिणींनी १९१५ साली स्त्रियांसाठी काढलेल्या महाविद्यालयाचे आज वेब्स्टर विद्यापीठ झाले आहे, आणि त्याच्या शेजारीच ईडन ही धर्मशास्त्राची जुनी संस्था आहे. विद्यापीठाच्या आवारातील लोरेटो-हिल्टन नाट्यगृह १९६६ साली उघडले आणि तेव्हापासून सेंट लुईसची रेपर्टरी नाट्यसंस्था तिथे प्रयोग करत आली. १९७६ पासून उन्हाळ्याच्या सुरुवातीला ऑपेराचा हंगामही तिथेच होऊ लागला. ऑपेरा इंग्रजीत गायला जातो आणि प्रयोगाआधी हिरवळीवर शिदोऱ्या सोडून बसायची प्रथा आहे. नाटकासाठी तासभर आधी निघून रांगेत बसणाऱ्या आपल्या माणसांना हे वातावरण परके वाटणार नाही. मात्र ऑपेरा संस्थेने २०२३ साली क्लेटन येथे स्वतःचे नवे घर उभारण्याचा बेत जाहीर केला आहे, तेव्हा केवळ ऑपेरासाठी कोणी वेब्स्टर निवडू नये.

एवढे वाचून दोन्ही गावे सुखवस्तू, शांत आणि निरुपद्रवी वाटतील, आणि बऱ्याच अंशी ती तशी आहेतही. पण या गावांनी आपल्यातल्या कृष्णवर्णीय शेजाऱ्यांना कसे वागवले, हे ठाऊक नसताना घर घेणे मला पटत नाही. विशेषतः जिथे बहुसंख्य वस्ती गोरी आहे आणि आपण स्वतः रंगाने वेगळे दिसणार आहोत, तिथे.

वेब्स्टरच्या उत्तर भागात यादवी युद्धानंतर कृष्णवर्णीय कुटुंबांची वस्ती झाली आणि डग्लस शाळा तिच्या केंद्रस्थानी राहिली. शाळा रंगानुसार वेगळ्या असण्याच्या काळात सेंट लुईस काउंटीत कृष्णवर्णीय मुलांसाठी मान्यताप्राप्त हायस्कूल होती ती हीच, आणि कर्कवुडची कृष्णवर्णीय मुलेही गावातली हायस्कूल त्यांना बंद असल्याने येथे किंवा थेट सेंट लुईस शहरात शिकायला जात. १९५४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर वेगळ्या शाळा संपल्या आणि डग्लसही बंद झाली. न्याय मिळाला, पण वस्तीने आपली शाळा गमावली. तिथले जुने विद्यार्थी आजही त्या शाळेचे नाव अभिमानाने घेतात.

कर्कवुडची कहाणी अधिक अलीकडची आणि अधिक दुःखद आहे. १८९२ साली वसलेले मीचम पार्क हे कृष्णवर्णीयांचे खेडे दशकानुदशके गावाच्या हद्दीबाहेर, पुरेशा सोयींविना राहिले. १९९२ साली कर्कवुडने ते आपल्यात सामील करून घेतले आणि त्यानंतर लवकरच त्याच्या मोठ्या भागावर कराच्या विशेष सवलतीने मोठ्या दुकानांचे संकुल उभे राहिले. अनेक कुटुंबांना घरे सोडावी लागली. ‘सामील करून घेतले ते आम्हाला की आमच्या जमिनीला?’ ही भावना तिथे खोलवर रुजली. ७ फेब्रुवारी २००८ रोजी, नगरपालिकेशी अनेक वर्षांचे भांडण असलेल्या एका रहिवाशाने सभा चालू असताना गोळीबार केला. पोलीस, नगरसेवक आणि अधिकारी मिळून पाच जण मारले गेले, हल्लेखोरही पोलिसांच्या गोळीने मेला आणि जबर जखमी झालेले महापौर काही महिन्यांनी वारले. त्या हत्यांचे समर्थन कशानेही होत नाही. पण त्यानंतर गावाने केवळ दारावर पहारे वाढवून विषय मिटवला नाही, हे कर्कवुडच्या बाजूने नोंदवले पाहिजे. केंद्रीय न्यायखात्याच्या मध्यस्थीने मीचम पार्कचे रहिवासी आणि नगरपालिका दीर्घकाळ बोलत राहिले आणि २०१० साली दोघांत लेखी समझोता झाला. जखम बुजली असे कोणी म्हणत नाही. ती लपवली मात्र गेली नाही.

वेब्स्टरलाही एकदा असा आरसा दाखवला गेला होता. १९६६ साली सीबीएस वाहिनीने तिथल्या सोळा वर्षांच्या मुलांच्या सर्वेक्षणावर एक माहितीपट केला, आणि त्यात ही मुले चांगले गुण, चांगली नोकरी आणि सुरक्षित आयुष्य यांपलीकडे फारसे पाहत नाहीत असे चित्र उमटले. गावकरी फार दुखावले. मराठी पालकाने तो प्रसंग वाचताना स्वतःकडेही पाहावे, कारण ‘शाळा चांगली’ म्हणताना आपल्या मनात बहुधा तेच तीन शब्द असतात.

शाळांच्या बाबतीत एक व्यवहाराची गोष्ट: शाळा-जिल्ह्याची हद्द आणि शहराची हद्द एक नसते. ग्लेनडेलमधली काही घरे एका जिल्ह्यात, काही दुसऱ्या जिल्ह्यात पडतात. घराच्या नेमक्या पत्त्यावरून शाळा कोणती मिळेल याची खात्री करूनच सही करावी.

दोन्ही हायस्कूलमध्ये १९०७ पासून थँक्सगिव्हिंगच्या दिवशी अमेरिकन फुटबॉलचा सामना होतो. त्याला ‘टर्की डे गेम’ म्हणतात. जिंकणाऱ्याला फ्रिस्को रेल्वेच्या इंजिनावरची घंटा मिळते, हरणाऱ्याला तपकिरी बुधला. सामन्याआधी दोन्ही शाळांची मुले एकत्र नाचाचा कार्यक्रम करतात. परगावी गेलेली मुले त्या दिवशी घरी येतात, आजोबा नातवाला आपल्या वर्षीचा निकाल सांगतात, आणि लाल पोशाखातले कर्कवुड व केशरी पोशाखातले वेब्स्टर एकमेकांना यथेच्छ चिडवतात. बाहेरून आलेल्या कुटुंबाला या गावांत शिरायचे असेल तर याहून चांगला दरवाजा मला माहीत नाही. नगरपालिकेच्या सभेला जाऊन बसणे हा दुसरा.

निवड करताना माझा कल असा आहे. मुले दहा वर्षांच्या आतली असतील, आईवडील भारतातून महिनोन्‌महिने राहायला येणार असतील आणि त्यांना गाडीशिवाय घराबाहेर पडता यावे असे वाटत असेल, तर कर्कवुडमध्ये स्थानकापासून पायी जाण्याच्या अंतरावर घर शोधावे; मंदिर आणि मराठी मित्रमंडळीही तिथून तुलनेने जवळ पडतात. मुले मोठी असतील, नाटक-संगीताची ओढ असेल किंवा कामासाठी रोज शहराच्या दिशेने जायचे असेल, तर वेब्स्टर बरे. शहराच्या मध्यापासून ते सुमारे १० मैलांवर आहे, तर कर्कवुड १४ मैलांच्या आसपास. दोन्हीकडे जुनी घरे पाहताना तळघरातील ओल आणि जुन्या झाडांची सांडपाण्याच्या नळात शिरलेली मुळे तपासणाऱ्या माणसाला आधी न्यावे, आणि पसंतीचा विचार त्यानंतर करावा.