लॅक्रॉसचे प्रशिक्षक होताना: आधी अभ्यासक्रम की आधी मैदान?

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, त्यातही 2004 पासून लॅक्रॉस (टोकाला जाळी असलेल्या काठीने चेंडू झेलत-फेकत गोल करण्याचा खेळ) हा राज्याचा अधिकृत सांघिक खेळ असलेल्या मेरिलँडमध्ये, लहान मुलांच्या स्थानिक लीग मुख्यतः पालकांच्या स्वयंसेवेवर चालतात. त्यामुळे हिवाळा सरत आला की प्रशिक्षक हवे असल्याची विनंती क्रिकेट किंवा हॉकी खेळत वाढलेल्या आणि लॅक्रॉसची काठी कधी हातातही न धरलेल्या मराठी पालकांपर्यंत पोहोचते. होकार देऊ पाहणाऱ्यांपुढे शिकण्याचे दोन मार्ग असतात. यूएसए लॅक्रॉस या राष्ट्रीय संस्थेचा प्रशिक्षक-अभ्यासक्रम आधी पूर्ण करून संघ हाती घ्यायचा, किंवा अनुभवी प्रशिक्षकाच्या हाताखाली एक हंगाम साहाय्यक म्हणून काम करायचे. माझा कौल दुसऱ्या मार्गाला आहे. मात्र पहिल्या मार्गाचा ऑनलाइन भाग त्याआधी उरकलेला असावा.

अभ्यासक्रमाचे दोन भाग असतात: घरबसल्या पाहता येणारे धडे आणि प्रत्यक्ष मैदानावरचे शिबिर. त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे सुरक्षितता. घट्ट रबराचा सुमारे 145 ग्रॅमचा चेंडू छातीवर नेमक्या क्षणी आदळला, तर हृदयाची लय बिघडून जिवावर बेतू शकते. याच कारणाने मुलग्यांच्या खेळात 2022 पासून सर्व खेळाडूंना प्रमाणित छाती-संरक्षक सक्तीचे झाले. हे ज्याला माहीत आहे, तो भावाचे जुने शोल्डर पॅड घालून आलेल्या मुलाला मैदानात सोडण्याआधी त्यावरील प्रमाणन-चिन्ह तपासेल आणि एईडी, म्हणजे विजेचा झटका देऊन हृदयाची लय पूर्ववत करणारे यंत्र, कुठे ठेवलेले आहे हे पहिल्याच दिवशी विचारून घेईल. बालसुरक्षेचे सेफस्पोर्ट प्रशिक्षण आणि पार्श्वभूमीची तपासणी या गोष्टी तर कोणताही मार्ग निवडला तरी सहसा टळत नाहीत, आणि टळूही नयेत.

साहाय्यक होण्याचा लाभ वेगळ्या जातीचा आहे. जमिनीवरचा चेंडू उचलणे हे या वयातील सर्वांत महत्त्वाचे कौशल्य, आणि त्यातली चूक चित्रफितीत नव्हे, तर मुलाच्या शेजारी उभे राहिल्यावरच नीट दिसते. मूल चेंडूपाशी येऊन थांबते, कमरेत वाकते आणि काठी उभी धरून जाळी चेंडूवर दाबते. चेंडू पुढे घरंगळतो आणि दुसरे कोणी तरी तो घेऊन जाते. जाणकार प्रशिक्षक अशा वेळी लांबलचक समजावणी देत नाहीत. ते मुलाचा काठीच्या मागच्या टोकाकडचा हात धरून जवळजवळ गवताला टेकवतात, गुडघे वाकवायला लावतात आणि न थांबता चेंडूच्या पलीकडे धावत जायला सांगतात. हे दहा मुलांना करताना पाहिले, की अकराव्याला आपणही सांगू शकतो. क्रिकेट खेळलेल्यांना झेल शिकवणे तुलनेने सोपे जाते, कारण झेल घेताना हात मागे नेण्याची सवय इथेही तशीच उपयोगी पडते: चेंडू जाळीत येताना काठी किंचित मागे घ्यायची, तिने चेंडूला फटका मारायचा नाही.

मात्र या मार्गात एक मोठा धोका आहे, तो म्हणजे ज्याच्या हाताखाली आपण शिकतो त्याच्या सवयी आपल्याला लागतात. आठ-आठ मुलांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या करून एकेकाला चेंडू फेकायला लावणे ही जुनी पद्धत अनेक मैदानांवर अजून टिकून आहे. त्यात सहा-सात वर्षांचे मूल तासातला बराच वेळ नुसते उभे राहते आणि आपली पाळी आली की झेल सोडते. यूएसए लॅक्रॉसचे मार्गदर्शन याच्या नेमके उलट, म्हणजे छोट्या मैदानावर मोजक्या मुलांचे सामने खेळवावेत असे आहे, आणि मला ते पूर्णपणे पटते. ऑनलाइन धडे आधी पाहून घ्यावेत, असे मी म्हणतो ते यासाठीच: चांगला सराव कसा दिसतो हे ठाऊक असलेला साहाय्यक आपला कोपरा तरी तीन-तीन मुलांच्या खेळासाठी मागून घेऊ शकतो.

मुलांचा संघ घ्यावा की मुलींचा, हा प्रश्न अनेक जण फारसा विचार न करता आपल्या अपत्यावरून सोडवतात. पण हे दोन्ही जवळजवळ वेगळे खेळ आहेत. मुलांना हेल्मेट, शोल्डर पॅड, कोपरांचे पॅड आणि हातमोजे लागतात. मोठ्या वयोगटांत नियमांच्या चौकटीत अंगाने धडक देण्याची मुभा असते आणि खेळाची सुरुवात फेसऑफने, म्हणजे जमिनीवर ठेवलेल्या चेंडूसाठी दोन खेळाडूंच्या झटापटीने होते. मुलींच्या खेळात गोलरक्षक वगळता नेत्रसंरक्षक आणि माउथगार्ड एवढेच अनिवार्य असते, त्यामुळे खर्च बराच कमी येतो. पण डोके उघडे असल्याने नियम अधिक बारीक आहेत. जी बचावपटू प्रतिस्पर्ध्याला जवळून अडवत नाही, तिने फटका मारणारी आणि गोल यांच्यामधल्या वाटेत उभे राहणे हा दोष ठरतो, आणि गोलासमोर आखलेल्या आठ मीटरच्या कमानीत कोणालाही न अडवता तीन सेकंदांहून अधिक थांबणे हाही. नवख्या प्रशिक्षकाला हे नियम केवळ वाचून कळत नाहीत, म्हणून मुलींचा संघ घेणाऱ्याने मैदानी शिबिर मुळीच चुकवू नये. मुलांच्या सर्वांत लहान गटात धडक नसते आणि नियम सुटसुटीत असतात, त्यामुळे तिथे साहाय्यकाच्या अनुभवावरही बरेच भागते.

लीगकडे मुख्य प्रशिक्षकच नसेल आणि गळ घातली जात असेल, तर आठ वर्षांखालील गट मागावा. तिथे चार-चार मुलांचे, गोलरक्षकाविना सामने खेळवण्याची शिफारस आहे, त्यामुळे डावपेचांचे अज्ञान आड येत नाही. मुलग्यांचा चौदा वर्षांखालील संघ मात्र पहिल्या हंगामात स्वीकारू नये. त्या वयात धडक कशी द्यावी आणि कशी सोसावी हे शिकवावे लागते, आणि ते चुकीचे शिकवले तर दुखापत होते.

नाव नोंदवण्याआधी लीगच्या समन्वयकांना तीन गोष्टी विचाराव्यात: एका संघामागे किती प्रौढ असतील, अभ्यासक्रमाचे शुल्क लीग भरते का, आणि ज्यांच्यासोबत काम करायचे त्यांचा एखादा सराव आधी पाहता येईल का. तिसऱ्याचे उत्तर होकारार्थी आले, तर मुले रांगेत उभी असतात की धावत असतात, एवढेच तिथे जाऊन पाहावे.