ओपनकोअर : धरणगावच्या स्टुडिओत दोन वर्षे वापरल्यानंतर

माझा भाचा धरणगावात अहिराणी गाण्यांचा छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ चालवतो. लग्नसराईत हळदीची गाणी, श्रावणात कानबाईची गाणी आणि उरलेल्या दिवसांत जे मिळेल ते, असा त्याचा व्यवसाय आहे. त्याचा हात लॉजिक प्रो या सॉफ्टवेअरवर बसलेला आहे आणि ते ॲपलच्या मॅकखेरीज दुसऱ्या कोणत्याही संगणकावर चालत नाही. २०२३ साली स्टुडिओ उभारताना माइक आणि भिंतींचे ध्वनिरोधन यांतच बहुतेक पैसे संपले, तेव्हा जळगावच्या गोलाणी मार्केटमधून सुटे भाग आणून यंत्र जोडायचे आणि त्यावर मॅकओएस ही मॅकची प्रणाली चालवायची असे ठरले. संगणक दुरुस्ती हा माझा पोटापाण्याचा धंदा असल्यामुळे ही जबाबदारी साहजिकच मामाकडे आली. अशा यंत्राला हॅकिन्टॉश म्हणतात. ते ज्या बूटलोडरच्या, म्हणजे संगणक सुरू होताना प्रणाली चालू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या, आधारावर चालते त्या ओपनकोअरचे हे परीक्षण आहे. सुट्या भागांविषयी जे लिहिले आहे ते त्या अनुषंगानेच.

ओपनकोअर हे ॲसिडॅन्थेरा या गटाने तयार केलेले मोफत आणि मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहे. संगणक सुरू झाल्यावर बायोस (बोर्डावरच असलेले मूळ सॉफ्टवेअर) आणि मॅकओएस यांच्या मध्ये ते उभे राहते, साध्या बोर्डाची माहिती मॅकओएसला समजेल अशा रूपात पुढे करते, लागतील ते केक्स्ट म्हणजे जोडड्रायव्हर स्मृतीत (मेमरीत) भरते आणि बाजूला होते. मॅकओएस असलेल्या डिस्कवरच्या प्रणालीला ते हात लावत नाही, ही त्याची मला सर्वांत आवडलेली गोष्ट. पूर्वी क्लोव्हर या जुन्या बूटलोडरच्या काळात काय कुठे बदलले गेले आहे हे सहा महिन्यांनी स्वतःलाच आठवत नसे. येथे सगळा कारभार एका ईएफआय फोल्डरमध्ये आणि त्यातल्या कॉन्फिग डॉट पीलिस्ट या एकाच फाइलमध्ये असतो. मात्र तुमच्या वतीने ओपनकोअर कोणताही अंदाज बांधत नाही. जे लिहाल तेच होईल, आणि चुकीचे लिहिले तर काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी येऊन थांबतील.

प्रोसेसर निवडताना आम्ही जाणीवपूर्वक जुना माल घेतला. इंटेलवर चालणारा शेवटचा आयमॅक २०२० साली आला आणि त्यात दहाव्या पिढीचे प्रोसेसर होते. अकराव्या पिढीपासून इंटेलच्या प्रोसेसरमधील ग्राफिक्सला मॅकओएसमध्ये आधारच नाही. म्हणून सहा कोअरचा आय५-१०४००, त्यातलेच यूएचडी ६३० ग्राफिक्स, बी४६० चिपसेटचा बोर्ड आणि मॅकओएसला हे यंत्र कोणते मॅक म्हणून दाखवायचे ती ओळख म्हणून ‘आयमॅक२०,१’ असा मेळ बसवला. वेगळे ग्राफिक्स कार्ड घेतले नाही, कारण गाण्याच्या कामाला ते लागत नाही. व्हिडिओ एडिटिंगसाठी कुणाला घ्यायचेच असेल तर एएमडीचे आरएक्स ५८० किंवा आरएक्स ६६०० पाहावे आणि एनव्हीडियाचे आधुनिक कार्ड कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये, कारण मॅकओएसच्या हाय सिएरा या जुन्या आवृत्तीनंतर त्या कार्डांसाठी ड्रायव्हर आलेलेच नाहीत.

पहिली चूक आमचीच होती. एका ओळखीच्या तंत्रज्ञाकडून तयार ईएफआय फोल्डर पेनड्राइव्हवर मिळाला. ‘हाच टाका, लगेच चालेल’ असे त्याने सांगितले आणि माझ्यासारख्या या धंद्यात केस पिकलेल्या माणसानेही ते ऐकले. पडद्यावर ओळी धावल्या आणि ‘एक्झिटबीएस : स्टार्ट’ या शब्दांवर थांबल्या. भाच्याने मध्यरात्री फोन केला, ‘मामा, तठेच अटकी गयं.’ या ठिकाणी बायोसची सूत्रे संपून मॅकओएसच्या कर्नलकडे म्हणजे गाभ्याकडे जायची असतात, त्यामुळे तेथे थांबणे म्हणजे बहुतेक वेळा स्मृतीच्या मांडणीशी संबंधित एखादा क्वर्क, म्हणजे कॉन्फिगमधला चालू-बंद करायचा तोडगा, चुकलेला असतो. तो फोल्डर जुन्या पिढीच्या बोर्डासाठी बनवलेला होता आणि त्यात ‘सेटअप व्हर्च्युअल मॅप’ चालू होते. ४०० मालिकेतील (आमचा बी४६० त्यातलाच) अनेक बोर्डांवर ते बंद आणि ‘रीबिल्ड ॲपल मेमरी मॅप’ चालू ठेवावे लागते. तेवढे बदलून यंत्र पुढे गेले असते, पण आत आणखी काय काय दडले असेल हे पाहताना त्याच फोल्डरमध्ये दुसऱ्या कुणाचा सीरियल क्रमांकही सापडला, जो त्या तंत्रज्ञाने आणखी किती यंत्रांवर उतरवला होता कोण जाणे. लॉजिक प्रो ज्या ॲपल आयडीवर विकत घेतलेले आहे तो आयडी अशा उष्ट्या क्रमांकामुळे अडचणीत यावा हे परवडणारे नव्हते. मी पेनड्राइव्ह फॉरमॅट केला.

मग ओपनकोअरसाठीचे डॉर्टानिया हे इंटरनेटवरचे मार्गदर्शन समोर ठेवून, ओपनकोअरसोबत येणाऱ्या नमुना फाइलवरून मी सगळे नव्याने लिहिले. लिलू, व्हर्च्युअलएसएमसी, व्हॉटएव्हरग्रीन आणि लॅनसाठी रिअलटेकचा केक्स्ट एवढ्या केक्स्टवर यंत्र सुरू होते. एसीपीआयच्या, म्हणजे बोर्ड आपल्या भागांची माहिती प्रणालीला देतो त्या तक्त्यांच्या, बाजूने तीन लहान फाइली लागल्या. एक एम्बेडेड कंट्रोलरसाठी, एक प्रोसेसरच्या वीजव्यवस्थापनासाठी आणि एक घड्याळासाठी, कारण नव्या बोर्डांवरील ‘अवॅक’ घड्याळ मॅकओएसला कळत नाही आणि जुने आरटीसी घड्याळ जागे करून द्यावे लागते. कॉन्फिग फाइल सुधारण्यासाठी प्रॉपरट्री हा साधा संपादक वापरावा. बटणे दाबून सगळे करून देणारे कॉन्फिग्युरेटर टाळावेत, कारण ते ओपनकोअरच्या आवृत्तीशी न जुळणाऱ्या नोंदी गुपचूप घालून ठेवतात. शेवटी ओपनकोअरचा ‘ओसीव्हॅलिडेट’ हा तपासणीचा प्रोग्राम चालवला की कोणत्या ओळीत काय चुकले ते साफ सांगितले जाते. धंद्यात इतकी वर्षे काढूनही इतका प्रामाणिक तपासनीस मी फारसा पाहिलेला नाही.

पडद्याचा प्रश्न मात्र त्या तपासनीसालाही सापडत नाही. यूएचडी ६३०साठीचा प्लॅटफॉर्म क्रमांक ‘३ई९बी०००७’ असा आहे, पण फाइलमध्ये तो दोन-दोन अक्षरांच्या जोड्या उलट्या क्रमाने, म्हणजे ‘०७००९बी३ई’ असा लिहावा लागतो. भाच्याने तो सरळ लिहिला होता. सरळ लिहिलेल्या क्रमांकातही चूक दिसत नाही. ओळी पूर्ण होतात आणि ज्या क्षणी सफरचंद दिसायचे त्या क्षणी पडदा काळा होतो. ते दुरुस्त केल्यावर एचडीएमआयच्या मॉनिटरवर सगळे गुलाबी दिसू लागले, कारण मॅकओएस त्या जोडणीला डिस्प्लेपोर्ट समजत होते. जोडणीचा प्रकार बदलून एचडीएमआय केल्यावर रंग जागेवर आले. या एका गोष्टीत तीन संध्याकाळी गेल्या.

सर्वांत जास्त वेळ गेला तो यूएसबीत, आणि ज्यांना ध्वनिमुद्रणासाठी असे यंत्र हवे आहे त्यांनी हा भाग विशेष लक्ष देऊन वाचावा. एका यूएसबी नियंत्रकावर मॅकओएस फक्त १५ पोर्ट मान्य करते. आठ छिद्रांच्या यंत्राला १५ पोर्ट पुष्कळ झाले असे वाटते, पण हिशेब वेगळा आहे. ३.० चे प्रत्येक छिद्र दोनदा मोजले जाते, एकदा २.० म्हणून आणि एकदा ३.० म्हणून. आमच्या बोर्डाच्या मागे ३.० ची चार आणि २.० ची दोन, कॅबिनेटच्या पुढे ३.० ची दोन आणि बोर्डावरच्या आतल्या पिनांतून निघणारे चार, असे मिळून १८ होतात. मर्यादा उठवणारा क्वर्क ओपनकोअरमध्ये आहे, पण मॅकओएस ११.३ पासून त्यावर विसंबता येत नाही. त्यामुळे कोणते १५ ठेवायचे हे आपणच ठरवून तसा नकाशा करावा लागतो.

तो करण्यापूर्वी, फॉरमॅट करण्याआधीच बाजूला काढून ठेवलेला त्या तंत्रज्ञाचा यूएसबी नकाशा मी ‘तेवढ्यापुरता’ वापरला, हा माझा दुसरा मूर्खपणा. गायिका अमळनेरहून येऊन बसलेली, ढोलकीवाला ढोलकी लावतो आहे आणि ऑडिओ इंटरफेसचा (माइकचा आवाज यूएसबीतून संगणकात नेणाऱ्या पेटीचा) दिवा लागत असूनही लॉजिकच्या यादीत त्याचे नाव नाही, असा प्रसंग ओढवला. ‘मामा, आवाजच ई नही ऱ्हायना,’ एवढेच भाचा म्हणाला, आणि त्या घरात मोठ्यांना उलट बोलायची पद्धत नसल्याने पुढचे बोलला नाही. इंटरफेस ज्या छिद्रात होता ते परक्या नकाशात नव्हतेच. शेजारच्या छिद्रात लावल्यावर रेकॉर्डिंग पार पडले.

दुसऱ्या दिवशी विंडोजमध्ये यूएसबीटूलबॉक्स हा नकाशा करण्याचा प्रोग्राम चालवून मी एक २.० चा आणि एक ३.० चा पेनड्राइव्ह प्रत्येक छिद्रात घातला, पडद्यावर कोणता पोर्ट जागा होतो ते पाहून कागदाच्या चिठ्ठ्यांवर क्रमांक लिहिले आणि त्या कॅबिनेटच्या पाठीवर चिकटवल्या. आतल्या पिनांपैकी तीन पोर्ट गाळले आणि उरलेल्या एकाला ‘आतील’ असा २५५ प्रकार दिला. त्यानंतर आजपर्यंत इंटरफेस एकदाही नाहीसा झालेला नाही. चिठ्ठ्या अजून तशाच आहेत. भाचा त्या काढू देत नाही.

वर्षभराने, कानबाईच्या गाण्यांची गर्दी असताना, यंत्र पुन्हा त्याच ‘एक्झिटबीएस’ वर थांबले. या वेळी फाइलीला कुणीही हात लावलेला नव्हता. धरणगावात रात्री विजेचा लपंडाव नेहमीचा, त्यामुळे स्टुडिओ बंद करताना भाचा मुख्य स्विचच पाडतो आणि रात्रभर बायोसच्या सेटिंगची भिस्त बोर्डावरच्या नाण्याएवढ्या सेलवर असते. बायोस उघडल्यावर तारीख कित्येक वर्षे मागची दिसली आणि कारण लगेच कळले. सेल संपला होता, सेटिंग मूळपदावर गेले होते आणि आम्ही बंद केलेले सीएफजी लॉक पुन्हा चालू झाले होते. या लॉकमुळे प्रोसेसरच्या ज्या रजिस्टरमध्ये मॅकओएसला लिहायचे असते ते बंद राहते. सीआर२०३२ हा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तो बदलला, शिवाय कॉन्फिगमधला ‘ॲपल एक्ससीपीएम सीएफजी लॉक’ हा क्वर्कही चालू करून ठेवला, म्हणजे पुन्हा असे झाले तरी यंत्र अडणार नाही. लॉक बायोसमधून बंद असताना हा क्वर्क लागत नाही म्हणून तो बंद ठेवावा, असे तज्ज्ञ सांगतात. खान्देशातल्या विजेचा अनुभव नसल्याने त्यांना तसे म्हणणे परवडते.

बाकीच्या तक्रारी किरकोळ आहेत. विंडोजमध्ये गेले की घड्याळ साडेपाच तास चुकते, कारण मॅकओएस बोर्डावर जागतिक वेळ ठेवते. विंडोजच्या रजिस्ट्रीत एक नोंद करून ते थांबते. उन्हाळ्यात तापमान ४५ अंशांच्या आसपास गेले की पंखा गरगरतो, पण त्यात ओपनकोअरचा दोष नाही. शेजारच्या जिनिंगमधून उडणारी सरकीची रुई हीटसिंकमध्ये नमद्यासारखी बसते आणि दर दोन महिन्यांनी ब्रशने काढावी लागते. व्हर्च्युअलएसएमसीच्या जोडफाइली घातल्यामुळे प्रोसेसरचे तापमान पडद्यावर दिसते, तेव्हा रुई कधी काढायची ते आकड्यावरूनच कळते.

आता ज्या गोष्टी ओपनकोअरच्या हातातच नाहीत त्यांविषयी. लॉजिक प्रोच्या अकराव्या आवृत्तीतील स्टेम स्प्लिटर, म्हणजे तयार गाण्यातून गळा आणि वाद्ये वेगळी काढण्याची सोय, फक्त ॲपलच्या स्वतःच्या चिपवर चालते. धरणगावात दर आठवड्याला कुणीतरी जुने गाणे घेऊन ‘यातला आवाज काढून फक्त म्युझिक द्या’ म्हणत येतो, त्यामुळे ही उणीव भाच्याला पैशांत मोजावी लागते. दुसरी गोष्ट अधिक मोठी आहे. इंटेलच्या यंत्रांसाठी ताहो, म्हणजे मॅकओएस २६, ही शेवटची आवृत्ती असल्याचे ॲपलने जून २०२५ मध्ये जाहीर केले. आयमॅक२०,१ ही ओळख त्या आवृत्तीला चालते, पण ताहोमधून ॲपलने जुना ध्वनीड्रायव्हर काढून टाकल्याने बोर्डावरचा आवाज सरळ मिळत नाही. आमचा आवाज यूएसबी इंटरफेसमधून येत असल्यामुळे अडचण झाली नसती, तरीही आम्ही सोनोमा या त्याआधीच्या आवृत्तीवरच थांबलो आहोत, कारण चालत्या स्टुडिओत प्रयोग करण्याची माझी हौस त्या इंटरफेसच्या दिवशी फिटली.

तिसरी गोष्ट कायद्याची. मॅकओएसचा परवाना ते फक्त ॲपलच्या यंत्रावर बसवण्याची मुभा देतो. अमेरिकेत सायस्टार नावाची कंपनी अशी यंत्रे बनवून विकत होती. २००८ मध्ये ॲपलने तिच्यावर दावा लावला आणि २००९ मध्ये निकाल ॲपलच्या बाजूने लागला. जळगाव-धुळ्याकडून मला ‘आम्हालाही एक बनवून द्या, पैसे देतो’ असे फोन येतात. ते काम मी घेत नाही, आणि कुणी पैसे घेऊन असे यंत्र विकत असेल तर ते घेऊ नये.

बूटलोडर म्हणून ओपनकोअरला पाचपैकी साडेचार गुण द्यायला मला संकोच वाटत नाही. अर्धा गुण कापला तो पडद्याच्या त्या तीन संध्याकाळींसाठी, कारण निदान सरळ लिहिलेला चुकीचा क्रमांक तरी त्याने ओळखायला हवा होता. मात्र ज्याच्याकडे दहाव्या पिढीचा इंटेल संगणक आधीच पडून आहे आणि ज्याला फाइलीतली प्रत्येक ओळ का आहे ते समजून घ्यायचे आहे, त्यानेच यात पडावे. नवे भाग विकत घेऊन २०२५ मध्ये हा खटाटोप सुरू करण्यात अर्थ नाही. तेवढ्याच पैशांत थोडी भर घालून ॲपलच्या चिपचा मॅक मिनी घ्यावा. भाचाही येत्या लग्नसराईनंतर तेच करणार आहे. तोपर्यंत चालू स्थितीतल्या ईएफआय फोल्डरची एक प्रत असलेला पेनड्राइव्ह स्टुडिओच्या दाराशी खिळ्याला टांगलेला असतो, आणि त्याच्या शेजारच्या डबीत सीआर२०३२चे दोन नवे सेल.