रिकामा चॅनल ओळखायचा कसा: ऐकून की विचारून?

कॉग्निटिव्ह रेडिओचं, म्हणजे दुसऱ्याच्या पट्ट्यातले रिकामे चॅनल शोधून ते वापरणाऱ्या रेडिओचं, काम हाती घेतलं की पहिला फाटा इथेच फुटतो. चॅनल रिकामा आहे हे यंत्रानं स्वतः ऐकून ठरवायचं, की आपलं ठिकाण सांगून, कुठे कोणते चॅनल वापरात आहेत याची यादी ठेवणाऱ्या डेटाबेसला विचारायचं? एम.ई.च्या प्रोजेक्टमध्ये मी दोन्ही करून पाहिलं. सुरुवात सेन्सिंगपासून, म्हणजे स्वतः ऐकण्यापासून, केली, थांबलो डेटाबेसवर.

सेन्सिंगची ओढ मला आजही कळते. इंटरनेट लागत नाही, कुणाच्या सर्व्हरवर विसंबावं लागत नाही. दिंडोरीकडे द्राक्षबागेत मोबाइलची रेंज येते-जाते, तिथे हे मोठंच सुख. यादीत नोंद नसलेला वायरलेस माइकही ऐकूनच सापडतो.

मला नडला तो थ्रेशोल्ड, म्हणजे ‘याच्या वर ऐकू आलं तर चॅनल भरलेला’ ही रेघ. इंदिरानगरला आमच्या गच्चीवर आरटीएल-एसडीआर डोंगल (स्वस्त यूएसबी रेडिओ रिसीव्हर) आणि जीएनयू रेडिओ हे सॉफ्टवेअर, एवढाच संच होता. ऑटो गेन बंद, अँटेना जागेवर घट्ट. तरी दुपारी बसवलेला थ्रेशोल्ड संध्याकाळी चालत नसे. जिन्यातले एलईडी दिवे लागले की नॉइज फ्लोअर (पार्श्वभूमीच्या गोंगाटाची पातळी) वर सरकायचा आणि रिकामे चॅनल भरलेले दिसायचे. थ्रेशोल्ड वर घ्यावा, तर सकाळी क्षीण सिग्नल निसटायचे. कित्येक आठवडे रोज हेच. जास्त वेळ ऐकलं तर जमेल, असं वाटत होतं. मग तंद्रा आणि सहाय या संशोधकांचा एसएनआर वॉलवरचा २००८ चा शोधनिबंध वाचला. एसएनआर म्हणजे नॉइजच्या तुलनेत सिग्नल किती, आणि वॉल म्हणजे ज्याखाली सिग्नल ओळखताच येत नाही ती मर्यादा. नॉइजच्या अंदाजात वर-खाली फक्त १ डेसिबलची चूक असली, तरी साधारण −३.३ डेसिबल एसएनआरच्या खाली एनर्जी डिटेक्टर (माझ्यासारखी नुसती ऊर्जा मोजून ठरवणारी पद्धत) भरवशाचा राहत नाही, मग कितीही वेळ ऐका. त्याच वर्षी एफसीसीनं, म्हणजे अमेरिकेच्या दूरसंचार नियामकानं, सेन्सिंगसाठी −११४ डीबीएम इतका क्षीण सिग्नलही ओळखण्याची अट घातली होती (डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप). ६ मेगाहर्ट्झच्या चॅनलमध्ये नुसता थर्मल नॉइजच साधारण −१०६ डीबीएम असतो, म्हणजे नॉइजच्याही खालचा सिग्नल ओळखायचा! सिग्नलमधली ठरावीक पुनरावृत्ती शोधणाऱ्या सायक्लोस्टेशनरी पद्धतीनं काही अंशी सुटका होते, पण गणित इतकं वाढतं की माझा लॅपटॉप मागे पडायचा.

हिडन नोडचा, म्हणजे चालू असलेलं प्रक्षेपण आपल्या यंत्राला आडोशामुळे ऐकू न येण्याचा, अनुभव बेसमेंटच्या पार्किंगमध्ये घेतला. आकाशवाणी नाशिकचं एफएम खाली डोंगलला ऐकूच येईना, वरच्या मजल्यावर मात्र स्वच्छ. यंत्र खालून ‘रिकामं’ म्हणालं असतं आणि वरच्या श्रोत्याचा कार्यक्रम बिघडवला असता.

डेटाबेसचेही त्रास आहेत. यादी शिळी होते, घरात जीपीएस भरकटतं. पांडवलेणीच्या डोंगराआड प्रसाराचं मॉडेल आणि प्रत्यक्ष सिग्नल जुळत नाहीत. पण मॉडेल सावध धरलं, तर चूक होते ती चॅनल वाया घालवण्याची, दुसऱ्याला त्रास देण्याची नाही. मला ही चूक पत्करण्यासारखी वाटते. एफसीसीनंही २०१० मध्ये डेटाबेस वापरणाऱ्या यंत्रांवरची सेन्सिंगची सक्ती काढली. यंत्रानं डेटाबेसकडे विचारणा कशी करायची, हे २०१५ च्या पॉज (PAWS) प्रोटोकॉलमध्ये ठरलेलं आहे, त्यामुळे सर्व्हर लिहायला मला फार वेळ लागला नाही.

आपल्याकडची परिस्थितीही डेटाबेसच्याच बाजूची आहे. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी ४७० ते ५९० मेगाहर्ट्झच्या टीव्ही पट्ट्यातले ८ मेगाहर्ट्झचे १५ चॅनल तपासले, तेव्हा देशात सरासरी १०० मेगाहर्ट्झहून अधिक जागा रिकामी निघाली. महिनोन्‌महिने जागच्या न हलणाऱ्या पोकळ्यांसाठी क्षणाक्षणाला कान लावून बसायचं कशाला?

प्रायमरी युजर, म्हणजे पट्ट्याचा मूळ हक्कदार, रडारसारखा येणारा-जाणारा असेल, तर माझं मत लागू पडेलच असं नाही. अमेरिकेतल्या ३५५० ते ३७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात नौदलाचं रडार ऐकावंच लागतं. पण ते काम किनाऱ्यावरच्या खास सेन्सरांकडे दिलंय, वापरणाऱ्याच्या यंत्राकडे नाही. ही वाटणी मला पटते.

प्रक्षेपण करायचं तर परवाना लागेलच, तेव्हा आधी नुसतं ऐकूनच काम करा. माझं डोंगल अजून गच्चीवर आहे. डेटाबेसनं रिकामा सांगितलेला चॅनल आठवड्यातून एकदा त्यावर बघून घेतो.