रिसर्चरसाठीची 'बंद खोली': पाचातले अडीच स्टार

जवळपास वर्षभर वापरून झालंय म्हणून आता लिहितोय. एका मोठ्या सोशल मीडिया प्लॅटफॉर्मने (नाव नको, अजून काम तिथेच अडकलंय) रिसर्चरना डेटा बघायला जी व्हर्च्युअल खोली दिलीये तिचा हा रिव्ह्यू. लॉगिन करायचं, कोड आतच चालवायचा, कॉपी-पेस्ट बंद, डाउनलोड बंद, बाहेर न्यायची ती फक्त बेरजा-सरासऱ्यांची टेबलं आणि तीसुद्धा त्यांनी तपासून सोडल्यावर. प्रायव्हसीसाठी हे पटतं मला, लोकांच्या पोस्ट कुणाच्याही लॅपटॉपवर पडून राहू नयेत.

सर्च चांगलाय, स्पीड ठीक. अर्ज मंजूर व्हायला चार महिने, त्यावर जास्त बोलत नाही.

खरा वैताग पुढे आहे. तीच क्वेरी मार्चमध्ये चालवली आणि जूनमध्ये परत चालवली तर पोस्ट कमी झालेल्या, आता युजरनी डिलीट केल्या असतील तर समजू शकतो पण किती डिलीट झाल्या आणि किती मुळात दिल्याच नाहीत हे कळायला काही मार्गच नाही. सपोर्टला विचारलं तर उत्तर आलं, 'डेटा अपेक्षेप्रमाणे आहे'. कुणाच्या अपेक्षेप्रमाणे, ते नाही सांगितलं.

ही भीती उगाच नाहीये. 2021 मध्ये फेसबुकने रिसर्चरना दिलेल्या डेटात अमेरिकेतले जवळपास निम्मे युजर गायब निघाले, तेही इटलीतल्या एका रिसर्चरला कंपनीच्याच दुसऱ्या जाहीर रिपोर्टशी आकडे जुळेनात म्हणून सापडलं. तोवर त्या डेटावर लोकांनी काम करून ठेवलेलं!

म्हणून माझी आशा आता युरोपियन युनियनच्या डिजिटल सर्व्हिसेस अ‍ॅक्टच्या (ऑनलाइन प्लॅटफॉर्मसाठीचा तिथला कायदा) कलम 40 वर आहे. 29 ऑक्टोबर 2025 पासून आतला, जाहीर नसलेला डेटा मागता येतो, म्हणजे रेकमेंडेशन कसं चालतं, नवीन फीचरच्या चाचण्यांचे निकाल वगैरे, आणि युनियनमध्ये महिन्याला साडेचार कोटींवर युजर असलेल्या प्लॅटफॉर्मना तो द्यावा लागतो. विषय मात्र तिथल्या समाजाला असलेल्या मोठ्या धोक्यांशी जोडलेला हवा. मोठा फरक हा की अर्ज कंपनीकडे नाही, डिजिटल सर्व्हिसेस कोऑर्डिनेटरकडे (या कायद्यासाठी नेमलेला सरकारी नियामक) जातो आणि हो-नाही कंपनीचं युनियनमधलं मुख्य ऑफिस ज्या देशात आहे तिथला कोऑर्डिनेटर ठरवतो. कंपनीला 15 दिवसांत बदल मागता येतो, डेटा आमच्याकडे नाही किंवा ट्रेड सीक्रेट आहे असं म्हणून. इथे झाकली मूठ किती वेळा पुढे येते ते बघायचंय.

पब्लिक डेटाचा नियम वेगळा आहे, तो जुनाच. डिसेंबर 2025 मध्ये एक्सला 12 कोटी युरोचा दंड झाला त्यातलं एक कारण रिसर्चरना पब्लिक डेटा नीट न देणं हेच होतं.

खोलीत जाणार असाल तर प्रत्येक क्वेरीची तारीख, वेळ आणि किती ओळी आल्या हे बाहेर वहीत लिहून ठेवा. मी जूनपासून लिहायला लागलो, मार्चचा आकडा आठवणीतून टाकलाय आणि आता माझा पेपर तपासणारा रिव्ह्यूअर नेमका तोच मागतोय.