बोनान्झा: हातातली पानं लावायची नाहीत!

पत्ते वाटले की आपण आधी पानं लावायला घेतो. रमी असो की बदाम सात, ही सवय लहानपणापासूनची. उवे रोझेनबर्ग या जर्मन खेळकर्त्याने १९९७ साली ‘बोनान्झा’ हा कडधान्यं पेरायचा पत्त्यांचा खेळ काढला आणि नेमकी हीच सवय बंद केली. पानं आली त्याच क्रमाने धरायची, जागा बदलायची नाही. एवढ्या एका बंदीवर अख्खा खेळ उभा आहे!

प्रत्येकाकडे दोन शेतं, एका शेतात एकच कडधान्य. आपली पाळी आली की सगळ्यात पुढचं पान पेरावंच लागतं. दोन्ही शेतं अडलेली आणि पुढे सोयाबीन आलं, की एक उभं पीक मिळेल त्या भावात काढावं लागतं. ते टाळायचं तर सोयाबीन दुसऱ्याच्या पाळीतच त्याच्या गळ्यात मारायचं. म्हणून पाळी कुणाचीही असो, गप्प कुणीच बसत नाही. आमचे जिभाऊ जळगावच्या दाणाबाजारात उडीद-मुगाची अडत करत आले. ते थेट ओरडतात, “फुकट ली जाय, पन ली जाय!” फुकट देण्यातही आपला फायदा असतो, हे त्यांना नियम न सांगताच कळलं.

दुसरी करामत पानाच्या पाठीवर आहे. तिथे नाणं छापलंय. पीक विकलं की त्यातलीच काही पानं उलटी करून आपल्याकडे ठेवायची, बाकीची टाकलेल्या पानांत, गड्डी संपली की ती पिसून परत येतात. निळ्या शेंगेची पानं २०, चार नाणी हवीत तर दहा जमवावी लागतात. ‘गार्डन बीन’ची फक्त सहा, पण तीन पानांतच तीन नाणी. नाणी झालेली पानं परत येत नाहीत, त्यामुळे किती उरली हे लक्षात ठेवणारा शेवटी वरचढ ठरतो. गड्डी तीनदा संपते. तिसरी फेरी पटकन उरकते.

उणीव सांगतो. तीन नाण्यांचं तिसरं शेत उशिरा घेतलं तर अंगावर येतं. आणि दोघांत मजा नाही, घासाघीस करायला माणसं लागतात.

रोझेनबर्ग पुढे हीच युक्ती घासत बसला नाही, याचं मला खरं कौतुक आहे. २०१४ च्या ‘पॅचवर्क’मध्ये तुकडे जोडून गोधडी करायची, आणि वेळेच्या पट्टीवर जो मागे असेल त्याचीच पाळी, कमी वेळ खाणारा तुकडा घेतला तर लागोपाठ दोन पाळ्याही मिळतात. चार-पाच जण जमत असाल तर बोनान्झा घ्या. घरात दोघंच असाल तर पॅचवर्क.