पोलोला कॉइलओव्हर बसवून आठ महिने झाले, खान्देशातल्या रस्त्यांवर काय अनुभव आला

गाडी 2015 ची पोलो, दीड लिटर डिझेल, चाळीसगावला असते. 94 हजार किमीला पुढच्या दोन्ही शॉकअपमधून तेल गळायला लागलं तेव्हाच मनात आलं की परत कंपनीचेच टाकण्यापेक्षा एकदा कॉइलओव्हर करून बघावं, म्हणजे शॉकअपवरच स्प्रिंग बसवलेली असते आणि गाडीची उंची आपल्याला कमीजास्त करता येते. दिवाळीनंतर बसवले, आता जुलै चालूये, मधे 11 हजार किमी झालं. किट, फिटिंग आणि दोन वेळचं अलाइनमेंट धरून लाखाच्या आसपास गेले.

फिटिंगचं आधी सांगतो. पोलोला पुढे शॉकअप नकलमधे, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या लोखंडी भागात, वरून घुसवलेला असतो आणि एका बोल्टने आवळलेला असतो, दहा वर्षांत तो असा जाम बसतो की नुसता हातोडा मारून काही होत नाही, नकलची फट जरा फाकवावी लागते आणि त्याचं वेगळं हत्यार येतं, ते ज्याच्याकडे नाही त्याच्याकडे गाडी देऊच नका. मागे तर खरं म्हणजे कॉइलओव्हर नसतोच, स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा, स्प्रिंगखाली उंची कमीजास्त करायची चकती येते. आणि मागच्या शॉकअपचा खालचा बोल्ट गाडी जॅकवर असताना फायनल टाइट करायचा नाही, चाकं जमिनीवर आली, वजन पडलं की मग करायचा, नाहीतर आतलं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. आमच्या मिस्त्री भाऊंना हे माहिती होतं, मला विचारावं पण लागलं नाही, तेव्हाच जीव भांड्यात पडला.

आता चूक. मी गाडी एकदम 35 मिमी खाली घेतली. दिसायला अशी सुंदर दिसत होती की पहिले चार दिवस मी घराबाहेर येऊन नुसती बघत उभा राहायचो. पहिल्या रविवारी पहाटे कन्नड घाट चढलो, काय सांगू भो, वळणावर गाडी झुकतच नाही, स्टेअरिंग वळवलं की नाक लगेच वळतं, आधीची पोलो वळणात जरा विचार करून मग वळायची तसं काहीच नाही. घाटासाठी पैसे वसूल असं वाटलं.

पण मी रोज घाटात राहत नाही ना. भडगाव, पाचोरा, जळगाव हा माझा नेहमीचा रस्ता, आणि गावागावाला गतिरोधक, त्यातले अर्धे पांढऱ्या पट्ट्याशिवायचे. मागे दोन माणसं बसली की प्रत्येक गतिरोधकावर पुढून धाडकन आवाज. मला वाटलं डँपिंग, म्हणजे शॉकअपचा कडकपणा, कमी पडतंय, म्हणून तो वाढवायचा नॉब फिरवत गेलो. माझ्या किटला नॉबचे 30 क्लिक आहेत, जितका आकडा मोठा तितका कडक, मधल्या 15 वरून 20, मग 24. त्याने उलटं झालं. रंबलरच्या पट्ट्यांवर, म्हणजे एकामागे एक सात-आठ बारीक धक्के येतात तिथे, गाडी पहिल्या पट्टीला दबायची आणि वर यायच्या आत दुसरी पट्टी, मग तिसरी, शेवटपर्यंत गाडी खाली खाली बसत जायची आणि शेवटची पट्टी थेट कमरेत. नॉब जास्त कडक केला की स्प्रिंगला परत उघडायला वेळच मिळत नाही, हे मला महिनाभराने समजलं.

उत्तर मिळालं ते एका प्लास्टिकच्या केबल टायने. पुढच्या शॉकअपच्या रॉडला, धुळीचं रबर वर सरकवून, एक टाय बांधली आणि भडगावपर्यंत जाऊन आलो. परत येऊन बघितलं तर टाय पार वर बंप स्टॉपला, म्हणजे रॉडच्या वरच्या टोकाच्या जाड रबराला, जाऊन चिकटलेली. म्हणजे प्रश्न क्लिकचा नव्हताच, खाली दबायला जागाच उरली नव्हती, रॉड रबरावर आपटत होता, तिथे क्लिक 10 असो की 28, काही फरक पडणार नाही. एवढी साधी तपासणी पहिल्याच दिवशी करायला पाहिजे होती.

मग हूक पाना घेऊन कॉलर, म्हणजे शॉकअपच्या बॉडीवरच्या आट्यांवर फिरणारी उंचीची रिंग, वर केली, गाडी 20 मिमी उचलली. म्हणजे आता कंपनीच्या उंचीपेक्षा 15 मिमीच खाली. इथे एक गैरसमज खूप जणांचा असतो की कॉलर वर केली की स्प्रिंग कडक होते. माझ्यासारख्या किटमधे तसं होत नाही, वरचं वजन तेच आहे तर स्प्रिंग तेवढीच दबणार, फक्त गाडी वर येते. स्प्रिंग 5 किलोची असेल तर 1 मिमी दाबायला 5 किलोच लागणार. उंची मोजताना चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा, जमिनीपासून मोजली तर टायरच्या हवेने घोळ होतो, आणि चारही चाकांचे आकडे वहीत लिहून ठेवा, मी ठेवलेत.

अलाइनमेंटमधे मी आळस केला त्याचं वाईट वाटतं. नवीन स्प्रिंग पहिल्या 400-500 किमीत थोडी बसते, म्हणून तेव्हाच एकदम करू म्हटलं आणि तेवढं अंतर तसंच चालवत राहिलो, तोवर पुढच्या दोन्ही टायरची आतली कड खरबरीत झाली. उंची बदलली की टो, म्हणजे चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते, बदलतोच, त्यामुळे बसवल्या दिवशी एकदा आणि स्प्रिंग बसल्यावर परत एकदा, असे दोनदा पैसे धरूनच चला. हेडलाइटचा फोकस पण बघून घ्या. इन्शुरन्सवाल्यांना बदल लेखी कळवा, क्लेमच्या वेळी वाद नको.

फेब्रुवारीत हळू वळताना डावीकडून टक टक यायला लागलं. दोन ठिकाणी दाखवलं, एकाने थेट वरचं माउंट बदला म्हणून सांगितलं, निघालं काय तर खालची लॉक कॉलर सैल. टाइट करून पांढऱ्या पेंटची एक रेघ ओढली कॉलर आणि बॉडीवर मिळून, आता सरकली तर लगेच दिसतं.

मे महिन्यात, 44-45 डिग्रीला, दुपारी गाडी जरा मऊ वाटते, आतलं तेल गरम होऊन पातळ होतं म्हणून, तेव्हा दोन क्लिक वाढवतो. पावसाळ्यात जास्त त्रास काळ्या मातीचा, शेताच्या रस्त्यावरून आलो की आट्यांमधे चिखल भरतो आणि वाळला की सिमेंट, मग कॉलर फिरतच नाही. त्यामुळे त्याच दिवशी पाण्याने धुवून मऊ ब्रश मारतो, सुकल्यावर सिलिकॉन स्प्रे. ग्रीस लावत नाही, धूळ चिकटून बसते. मागचे नॉब खालच्या टोकाला आहेत, तिथे तर हमखास.

मायला पाटणादेवीला घेऊन गेलो होतो मागच्या महिन्यात. डिसेंबरात याच गाडीत बसून तिची कंबर धरली होती आणि परत बसणार नाही म्हणाली होती. या वेळी गतिरोधकावर मी आरशात तिच्याकडेच बघत होतो. परत येताना म्हणाली, "आते बरं वाटस."

सध्याचं सेटिंग, पूर्ण मऊपासून मोजून: एकटा असलो तर पुढे 12, मागे 8. चार माणसं आणि सामान असेल तर मागे 12, पुढे तसंच. घाटात जायचं असेल तर पुढे 16.